घसारा धरून निवडलेला गेमिंग पीसी

पहिला गेमिंग पीसी स्वतः असेंबल करायला निघालेल्या माणसाला जो तो एकच सूत्र सांगतो: निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डात घाल, उरलेल्यात बाकीचं भागव. सूत्र वाईट नाही. फक्त समोरचा खेळतो काय, हे कुणी विचारत नाही. मी शहरं वसवते. ‘सिटीज: स्कायलाइन्स’ आणि त्याच्या जातीचे खेळ, दिवसाची कामं उरकली की तास-दोन तास. शहर मोठं झालं की अशा खेळात घाम फुटतो तो प्रोसेसरला. कुठली गाडी कुठून निघाली, कुठल्या चौकात अडकली, कचरा कुणाचा उचलायचा राहिला, हे सगळं त्यालाच सांभाळायचं असतं. चित्र काढणाऱ्या कार्डावर त्या मानाने ताण कमी. त्यामुळे निम्म्याचं सूत्र मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं.

दुसरं कारण माझ्या पोटापाण्याच्या कामात आहे. मी हिशेब तपासते. पार्टची यादी करायला बसले तेव्हा किमतीच्या शेजारी हात आपोआप घसाऱ्याचा रकाना आखून मोकळा झाला. हा पार्ट किती वर्षं माझ्याकडे राहणार? तो भरत गेले तसं यादीचं रूपच बदललं. कॅबिनेट, एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) आणि मॉनिटर नीट घेतले तर दोन पीसींना पुरतात. चांगल्या एसएमपीएसवर तर कंपन्या सात-दहा वर्षांची वॉरंटी देतात. मदरबोर्डचं, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर जोडायचे त्या बोर्डाचं, आयुष्य त्याच्या सॉकेटवर, प्रोसेसर बसतो त्या खाचेवर. कार्ड मात्र तीन-चार वर्षांत मागे पडतंच, आणि ते काढून दुसरं बसवायला एक-दोन स्क्रू आणि एक केबल पुरते. मग माझं ठरलं: जे बदलणारच आहे त्यात आज हात आखडता, जे राहणार आहे ते पारखून.

पण त्याही आधी स्क्रीन. माझा मॉनिटर आधीपासूनचा, १९२० बाय १०८० चा (१०८०पी). म्हणजे प्रत्येक फ्रेमला, पडद्यावरच्या एकेका चित्राला, सुमारे २०.७ लाख ठिपके. १४४०पी (२५६० बाय १४४० चा) घेतला तर ते ३६.९ लाख होतात, म्हणजे कार्डाचं काम पाऊणपटीहून जास्त वाढतं. कुठलं कार्ड घ्यावं असं विचारणाऱ्याला मी आधी हेच विचारते, मॉनिटर कोणता? हर्ट्झचंही, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचंही, तसंच. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या तर जेमतेम ६.९. धावत्या शत्रूवर नेम धरायचा असेल तर हा फरक जाणवतो. माझ्या उड्डाणपुलांना त्याची घाई नाही.

भाच्याला हे पटत नाही. तो व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ खेळतो. “मावशी, १४४ हर्ट्झ एकदा बघितलास ना, परत ६० कडे बघवणार नाही तुला,” म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच बघत नाही.

रुपये-पैशांत काही सांगत नाही, भाव महिन्याला हलतात आणि रॅमचे तर मधूनच उसळतात. मॉनिटर, कीबोर्ड सोडून पूर्ण डब्याचं बजेट १०० भाग धरा. माझ्या कागदावर शेवटी असं उतरलं: कार्ड ३५, प्रोसेसर २०, मदरबोर्ड १२, रॅम, एसएसडी (साठवणीची डिस्क) आणि एसएमपीएस प्रत्येकी ९, कॅबिनेट ६. निशाणेबाजीचे किंवा भव्य दृश्यांचे खेळ खेळणाऱ्याने कार्ड ४५ पर्यंत न्यावं, माझी हरकत नाही. पण ते दहा भाग एसएमपीएसमधून काढू नयेत.

प्रोसेसरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. स्वस्तातला राजरस्ता म्हणजे एएमडीचं जुनं एएम४ सॉकेट: रायझन ५ ५६००, सहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), २०२२ चा, डीडीआर४ या जुन्या पिढीची रॅम. आजही १०८०पी ला व्यवस्थित चालतो. ज्याचं बजेट खरंच ताणलेलं आहे त्याने डोळे मिटून तोच घ्यावा. इंटेलकडे त्याच तोडीचा आय५-१२४००एफ, तोही सहा कोअरचा. त्याच्या सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे येतात, तेवढं बघून घ्यायचं. मी गेले एएम५ या नव्या सॉकेटकडे, रायझन ५ ७६०० वर. कारण घसाऱ्याच्या रकान्यात. एएम४ ची कहाणी सगळ्यांनी पाहिली आहे: २०१७ मध्ये घेतलेल्या कित्येक बोर्डांवर नुसतं बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) बदलून २०२२ चा ५८००एक्स३डी बसला. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय. म्हणजे माझं शहर सहा कोअरना जड झालं की ७८००एक्स३डी सारखा ९६ एमबी एल३ कॅशचा (आतल्या झटपट मेमरीचा) प्रोसेसर त्याच बोर्डावर बसेल. बोर्ड, रॅम, विंडोज जागच्या जागी. अशा खेळांना मोठी कॅश फार मानवते.

७६०० चा आणखी एक गुण जाहिरातीत फारसा दिसत नाही. त्याच्या पोटात छोटंसं ग्राफिक्स आहे. खेळायच्या कामाचं नाही, दोनच युनिट्स आहेत. पण कार्ड नसताना स्क्रीन लागते. याचा फायदा मी असा घेतला की आधी बाकीचा पीसी उभा केला आणि कार्ड नंतर, पैसे जमल्यावर आणलं. तोवर विंडोज टाकून झालं, रॅम तपासून झाली, कुरकुरणारा पार्ट परत करायच्या मुदतीतच कळला असता. शिवाय पुढे कधी स्क्रीन काळी पडली तर कार्ड काढून बघता येतं, दोष कुणाचा ते. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ही सोय नसते, एएमडीच्या ७५००एफ मध्येही नाही. दोन पैसे वाचतात खरे, पण मग कार्ड पहिल्याच दिवशी हवं.

उलट, पार्ट सुटे सुटे घेऊन महिनोन्‌महिने खोक्यात ठेवू नका. वॉरंटीचं घड्याळ बिलाच्या तारखेपासून चालतं, तुम्ही बटण दाबल्यापासून नाही.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा, मायक्रो एटीएक्स या छोट्या आकाराचा. बोर्डवर खर्च करायचा मोह लोकांना फार होतो. मी तीनच गोष्टी पाहिल्या: पॉवरच्या भागावर हीटसिंक (उष्णता काढून घेणारा धातूचा तुकडा) आहे का, एसएसडीसाठी एम.२ चे दोन स्लॉट आहेत का, आणि मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का. तिसरी गोष्ट लाखमोलाची. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डावरचं बायोस जुनं असतं, त्याला नवा प्रोसेसर ओळखू येत नाही. हे बटण असेल तर प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतं. बाकी दिवे आणि चिलखती पत्रे कंपनीला लखलाभ.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्या असल्या की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन वाटांनी एकदम ये-जा, चालतं, एकटीवर प्रोसेसर उपाशी राहतो. पण “आत्ता दोन, पुढे आणखी दोन टाकू” हा हिशेब एएम५ वर चालत नाही. चार पट्ट्या लावल्या की रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो. म्हणून लागेल तेवढी एकदाच, दोन पट्ट्यांत. वेग ६०००, आणि बोर्डावर प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट. खोक्यावर ६००० लिहिलंय म्हणून पीसी आपणहून ६००० वर धावत नाही, बायोसमध्ये जाऊन एक्सपो नावाची सेटिंग चालू करावी लागते. इंटेलवर त्याला एक्सएमपी म्हणतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग दिसतो, बघून घ्या. कित्येकांनी जास्त पैसे मोजून घेतलेली रॅम वर्षानुवर्षं ४८०० वर रांगत असते. आणि हो, एएम५ पीसी पहिल्यांदा सुरू केला की काही मिनिटं स्क्रीनवर काहीच येत नाही. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. पंखे फिरतायत ना? मग हात खिशात घालून उभं राहायचं.

आता कार्ड, आणि इथे माझी हिशेबनिसाची नजर कामाला आली. कारण कार्डांच्या नावांत जेवढी लबाडी आहे तेवढी मी कुठल्या खातेवहीत पाहिली नाही. आरटीएक्स ३०६० म्हटलं की लोकांना १२ जीबीचं, १९२ बिटच्या बसचं (मेमरीकडे जाणाऱ्या रस्त्याची रुंदी) कार्ड आठवतं. पुढे त्याच नावाने ८ जीबीचं १२८ बिटवालं आलं, ते सरळसरळ हळू आहे. आरटीएक्स ३०५० चंही तेच: ८ जीबीत २५६० कोअर, ६ जीबीत २३०४. खोक्यावरचा मेमरीचा आकडा फक्त मेमरीचा आहे असं समजू नका, आतली चिपही वेगळी निघू शकते. सगळ्यांत वरताण जीटी १०३०, त्यात जीडीडीआर५ या वेगवान मेमरीच्या जागी साधी डीडीआर४ घालून तेच नाव ठेवलं आणि खेळातला वेग निम्म्याच्या आसपास आला. आरएक्स ६५०० एक्सटी वेगळ्या प्रकारे फसवतं. त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन आहेत, जुन्या ३.० च्या बोर्डावर लावलं तर गुदमरतं.

म्हणून नाव न वाचता चार आकडे वाचायचे: मेमरी किती, बस किती बिटची, लेन किती, वीज किती. मी आरएक्स ७६०० घेतलं. ८ जीबी, १२८ बिट, आठ लेन, १६५ वॅट. आठ जीबी आज नव्या खेळांत काठावर आहे, हे मला माहीत होतं. भव्य खेळांत टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) सर्वांत वरच्या पायरीवर ठेवले की ती भरते. १०८०पी ला एक पायरी उतरायची माझी तयारी आहे. ज्याची नाही त्याने इंटेलचं आर्क बी५८० पाहावं, त्यात १२ जीबी आहे. फक्त त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू लागतो, तेव्हा जुन्या पीसीत लावायच्या भानगडीत पडू नये.

जुनं, वापरलेलं कार्ड घ्यायला मी विरोध करत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची, म्हणजे कार्डांवर गणितं सोडवून चलन कमवायची, पद्धतच सोडली आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. मायनिंगमधलं म्हणून ते खराबच असं नसतं, पण पंखे आणि उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड झिजलेले असतात. समोर अर्धा तास जड खेळ चालवून दाखवायला विक्रेता कां-कू करत असेल तर उठून यायचं. वापरलेला एसएमपीएस मात्र फुकट मिळाला तरी नको. आणि “आय७ आहे, गेमिंग पीसी” म्हणून चौथ्या पिढीचे जुने डबे विकतात ना, ते २०१३ चे आहेत. आजचा चार कोअरचा आय३ त्यांना सहज मागे टाकतो. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ त्यांना अधिकृतपणे चालत नाही.

एसएमपीएसची बेरीज सोपी आहे. प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलंय, पण जोरात असताना तो ८८ पर्यंत ओढतो. कार्ड १६५. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून साठेक धरा. झाले ३१३. ५५० वॅटचा आरामात पुरला असता, मी पुढच्या कार्डाचा विचार करून ६५० चा घेतला. ८० प्लसचा शिक्का पाहून भुलू नये. तो फक्त सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जात नाही. ब्रॉन्झ म्हणजे निम्म्या लोडवर निदान ८५ टक्के. व्होल्टेज उसळलं किंवा शॉर्ट झालं तर हा डबा वेळेत बंद पडेल की कार्डाला घेऊन जाईल, ते त्या शिक्क्यात नसतं. त्यासाठी उघडून तपासलेली परीक्षणं वाचावी लागतात. मी सगळ्यांत कंटाळवाणी परीक्षणं वाचली ती हीच, आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडली तीही हीच.

एसएसडी १ टीबी, एनव्हीएमई (वेगवान जोडणीची), टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी). क्यूएलसी (चार बिट साठवणारी) थोडी स्वस्त मिळते, पण मोठी फाइल लिहिताना कॅश संपली की वेग कोसळतो. सेकंदाला ३५०० एमबी की ७०००, याने खेळ उघडायच्या वेळेत मला तरी फरक दिसत नाही. तिथे वाचवा.

कॅबिनेटवर भाच्याशी बरीच हुज्जत झाली. त्याला पुढून काच आणि रंगीत पंखे हवे होते. मी जाळीचं घेतलं, कारण पुढून काच म्हणजे हवेला दार बंद. पंख्यांच्या रंगावर मी नमतं घेतलं, एक लावून दिला. कॅबिनेट घेताना कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये जुळवून बघा, आणि बोर्ड बसवायच्या आधी त्याखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्डाला टेकू देणारे खुंट) त्याच्या भोकांखालीच आहेत ना तेही. एखादा भलत्या जागी राहिला तर बोर्डाला मागून टेकून शॉर्ट करू शकतो. मॉनिटरची केबल बोर्डाला लावायची नाही, कार्डाला. कार्ड उशिरा आणणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा, कारण केबल आधी बोर्डालाच असते आणि तिथेच राहून जाते.

सगळी बिलं आणि सिरियल नंबर मी एका फाइलला लावले, खोकी माळ्यावर टाकली, कार्ड विकायची वेळ आली की खोक्यासकट चार पैसे जास्त येतात. मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या उरलेल्या केबल्स त्याच्याच खोक्यात ठेवा आणि वर मॉडेलचं नाव लिहा. दुसऱ्या एसएमपीएसला त्या बसतात, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीकंपनीत वेगळा असतो, आणि चुकीची केबल लावून एसएसडी जाळायला एकदा बटण दाबणं पुरतं.