जुनं घर, तिसरा हप्ता: यादी उलटी केली

गेल्या वर्षी मी आधी स्वयंपाकघराच्या लाद्या बसवल्या. निदान एक खोली तरी नीट हवी, हा आईचा हट्ट आणि माझीही हौस. छपराचं काम पुढे निघणार हे दिसत होतं, पण मी तिकडे बघत नव्हतो. मार्चमध्ये त्याच खोलीवरचा कुजका वासा उतरवताना सुतारकाकांच्या हातून निसटला आणि चार लाद्या तडकल्या. त्यांना काय बोलणार? लाद्या तिथे असायलाच नको होत्या. त्या डिझाइनच्या आता मिळतही नाहीत.

नवीन आलेल्यांसाठी: राजापूर तालुका, जांभ्या चिऱ्याचं घर, मंगलोरी कौलं, ओटी, माजघर, मागे पडवी. आजोबांनी बांधलेलं.

तर यंदा कामांची यादी उलटी केली. पहिलं काम घराच्या बाहेरचं. परसाचा उतार घराकडे होता, त्यात पागोळ्या नेमक्या भिंतीच्या पायाशी पडायच्या. दोन गड्यांनी तीन दिवसांत चर खणून पाणी खालच्या पाणंदीकडे वळवलं. सगळ्यात स्वस्त काम, आणि मी ते शेवटी ठेवलं होतं!

मग छप्पर. वासे मी हातोडीने ठोकून बघत होतो, टणटण वाजला की पास. काका म्हणाले, "मधे ठोकून काय कळणार? भिंतीवर टेकतो तिथलं टोक बघा." स्क्रू ड्रायव्हर लावला तर वीतभर आत गेला. वरून वासा कसा ठणठणीत, आणि टोकाशी वाळवीची माती. बेचाळीसपैकी अकरा वासे असे निघाले. बदली किंजळाच्या लाकडाचे घेतले.

कौलांचं एक सांगतो, कारण यात मी फसलो. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, पुढे असे कितीतरी कारखाने निघाले आणि प्रत्येकाची खाच थोडी वेगळी. ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण दीडशे कौलं लागतात हा हिशोब करून मी जुन्या बाजारातून दोन ठिकाणची आणली. एकमेकांत बसेनात. शेवटी मागचा शिक्का बघून ढीग वेगळे केले: एक छपराच्या समोरच्या पाखीला, म्हणजे उताराला, दुसरा मागच्या. रीपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या, ठोकण्याआधी अंतर आपल्याच कौलाने मापा, दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका.

वाळवीचं औषध जमिनीच्या आधी. भिंतीच्या कडेने फुटाफुटावर भोकं पाडावी लागतात, नव्या कोब्याला कोण पाडू देईल? वायरिंगसाठी चिरा खोदायचा विचार सोडला. झिरी सरळ येत नाही, ढेकळं निघतात. पाइप भिंतीवरूनच फिरवतोय, दिसला तर दिसू दे.

गिलावा यंदा नाहीच. आतला जुना सिमेंटचा थर काढला तेव्हा मागचा चिरा एप्रिलातही हाताला गार लागत होता. ओल आत कोंडली होती, म्हणूनच दर वर्षी रंगाचे पोपडे निघायचे. भिंती अशाच उघड्या ठेवून पावसाळ्यानंतर बघणार, आणि तेव्हा चुनाच. घर भंगलेलं दिसतं हे मान्य. गणपतीला येणारे पाहुणे बोलणारच, माजघराला तेवढी सफेदी मारून देईन.

आता घाई माणसांची. आंबा सुरू आहे, गडी सगळे बागेत, आणि मृगाच्या आत शाकारणी संपायलाच हवी. पडवीचे चिरे मात्र आणून ठेवलेत, कारण पाऊस लागला की खाणी बंद.

सोमवारी स्वयंपाकघरावरची उरलेली कौलं उतरतील. खाली वीतभर पेंढा पसरलाय, त्यावर दोन जुन्या गोधड्या. आई म्हणते, लाद्यांना इतकं जपतोस तर त्यांच्यावर चालायचं कधी?