कुलसचिवपदाची मुलाखत आणि इतिवृत्ताची वही

२०२४ मध्ये राज्यातल्या एका विद्यापीठाची कुलसचिवपदाची जाहिरात निघाली. मी तेव्हा सोलापुरात एका अनुदानित महाविद्यालयात उपप्राचार्य होते. प्राचार्य सरांनी कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हा फॉर्म तुम्ही भरायचाच."

पात्रता ओळखीचीच होती. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि सहायक प्राध्यापक म्हणून ७००० किंवा त्यावरच्या एजीपीत, म्हणजे शैक्षणिक श्रेणी वेतनात, १५ वर्षं. नाहीतर ८००० व त्यावर ८ वर्षं आणि जोडीला शैक्षणिक प्रशासनाचा अनुभव. मला ७००० चा एजीपी २००८ ला मिळाला आणि ८००० चा २०१३ ला, म्हणजे दोन्हीकडून मी बसत होते. अर्ज महाविद्यालयामार्फत पाठवला, आगाऊ प्रत वेगळी पाठवली, ना हरकत प्रमाणपत्र जोडलं.

तरी छाननीनंतरच्या यादीत माझं नाव अपात्रांत. कारण लिहिलं होतं, 'अनुभव सिद्ध होत नाही.' त्या रात्री झोप लागली नाही. एकवीस वर्षं रोज केलेलं काम सिद्ध होत नाही, हे फार लागलं.

सकाळी अनुभवाचा दाखला पुन्हा वाचला. 'जुलै २००३ पासून कार्यरत', एवढंच. एजीपी कधी बदलला, याचा उल्लेखच नाही. त्यात सातव्या वेतन आयोगात एजीपी जाऊन लेव्हल, म्हणजे वेतनस्तर, आल्या. माझ्या सेवापुस्तकात नंतरच्या पानांवर लेव्हल १२ आणि जाहिरातीत एजीपी ८०००. दोन्ही एकच, पण छाननी करणाऱ्याने ते का ताडून बघावं? ते दाखवणं माझं काम होतं.

हरकतीला सात दिवस होते. आमचे अधीक्षक काका दुपारचा डबा बाजूला ठेवून कपाटापाशी बसले. नेमणुकीच्या मान्यतेचं पत्र कोल्हापूरचं, शिवाजी विद्यापीठाचं निघालं. सोलापूरचं विद्यापीठ २००४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, त्याआधी आम्ही सगळे कोल्हापूरलाच जोडलेले. स्थाननिश्चितीचे, म्हणजे वरच्या श्रेणीत गेल्याचे, आदेशही सापडले. काकांनी तक्ता केला : कधीपासून, कधीपर्यंत, एजीपी, त्याची लेव्हल, आदेश क्रमांक. दाखला नव्याने टाइप झाला, सरांनी सही केली. हरकत मान्य झाली.

मुलाखतीसाठी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुणं गाठलं आणि पुढे एसटी. गाडीत विद्यापीठ कायदा पुन्हा चाळला. कुलसचिव हा मुख्य प्रशासकीय अधिकारी. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद यांचा सचिव. अभिलेख आणि शिक्का त्याच्या ताब्यात.

समितीच्या अध्यक्षस्थानी कुलगुरू. नॅकचं मूल्यांकन, परीक्षा, न्यायालयीन प्रकरणं यांवर विचारलं, जमेल तसं सांगितलं. मग एका सदस्यांनी विचारलं, "सभेचं इतिवृत्त सदस्यांकडे पाठवल्यावर एखादे सदस्य म्हणाले, माझा विरोध यात आलाच नाही, तर काय कराल?"

हे माझ्या बाबतीत घडलेलं होतं. महाविद्यालय विकास समितीचे सदस्य सचिव प्राचार्य असतात, पण आमच्याकडे इतिवृत्त मीच लिहायचे. २०१९ मध्ये एका खरेदीच्या ठरावाला एका सदस्यांनी विरोध केला होता आणि तो माझ्या लिहिण्यातून सुटला. मी म्हणाले, "मागचं पान खोडणार नाही. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करायचा विषय येईल तेव्हा त्यांची दुरुस्ती मांडेन. सभेने मान्य केली, तर ती त्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवेन. मी तसंच केलं होतं." त्यांनी त्याच घटनेवर आणखी चार प्रश्न विचारले. ठराव कुणाचा, अनुमोदन कुणाचं, खरेदी थांबली का. सगळं आठवत होतं, कारण ते पान मीच लिहिलं होतं.

बारा दिवसांनी नियुक्तीचं पत्र आलं. मुदत पाच वर्षांची, म्हणून मूळ पदावर धारणाधिकार, म्हणजे परत येण्याचा हक्क, ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी दिला. शेवटच्या दिवशी इतिवृत्ताची वही नव्या उपप्राचार्यांकडे सोपवली. २०१९ चं ते पान आणि त्याच्या पुढच्या सभेचं पान, दोन्ही त्यांना उघडून दाखवली.