आईचे इनडोअर पेपर मिळवताना

‘मधुमेह दहा वर्षांपासून असूनही प्रपोजल फॉर्ममध्ये लपवला’ असं कारण देऊन विमा कंपनीने आईचा क्लेम नाकारला. पित्ताशयाचं ऑपरेशन, बिल आम्ही भरून मोकळे झालेलो, आणि आता हे पत्र. आईला साखर निघून जेमतेम दहा महिने झाले होते. पॉलिसी त्याच्या कितीतरी आधीची. मग ही दहा वर्षं आली कुठून?

डिस्चार्ज कार्डवर फक्त ‘के/सी/ओ डीएम’ असं होतं, म्हणजे मधुमेहाची पेशंट. वर्षांचा आकडा नव्हता. तो होता इनडोअर पेपरमध्ये, म्हणजे भरती असतानाच्या सगळ्या नोंदींच्या फाइलमध्ये, आणि ते पेपर हॉस्पिटलने टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेला, परस्पर मेल केले होते. आईच्या शरीराबद्दलची सगळ्यात तपशीलवार फाइल विमावाल्यांच्या टेबलावर होती, आईकडे नव्हती. आमच्या हातात डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि सोनोग्राफीची फिल्म.

मेडिकल रेकॉर्ड विभाग बेसमेंटमध्ये होता. तिथला क्लार्क सभ्य माणूस. त्याने शांतपणे सांगितलं, “मॅडम, इनडोअर पेपर पेशंटला देत नाही आम्ही. कोर्टाची ऑर्डर आणा.” त्याला तसंच शिकवलेलं असणार.

हे खरं नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचार नियमावलीत स्पष्ट आहे: पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचे, हेही त्यातच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली होती, पण त्याच महिन्यात तिला स्थगिती मिळाली आणि जुनीच पुन्हा लागू झाली. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच, रघुनाथ रहेजा प्रकरणात, गोपनीयतेचं कारण सांगून पेशंटला त्याचेच कागद नाकारता येणार नाहीत, योग्य खर्च घेऊन प्रती द्याव्यात, असं म्हटलं आहे. म्हणजे कोर्टाची ऑर्डर आहेच, चांगली जुनी आहे.

अर्ज आईच्या नावाने लिहिला, सही आईची. ती शुद्धीत आहे, शिकलेली आहे; तिच्या कागदांसाठी मी का सही करायची? ‘माझे सर्व कागद द्या’ असं मोघम न लिहिता एकेक नाव घातलं: हिस्ट्री शीट, रोजच्या प्रोग्रेस नोट्स, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, भुलीची नोंद, ऑपरेशन नोट, संमतीपत्रं. खाली २००२ चा नियम आणि ७२ तास. रेकॉर्ड विभाग अर्ज घेईना, म्हणून वर प्रशासन कार्यालयात गेले आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून मागितला. शिक्का मारताना तिथल्या बाईंनी अर्ज पहिल्यांदा नीट वाचला. तोच अर्ज मेडिकल सुपरिटेंडेंटना मेलही केला. फोनवर बोलण्यात मी अजिबात वेळ घालवला नाही. फोनचा पुरावा राहत नाही.

कागद मिळाले. झेरॉक्सचे पैसे घेतले, पावती दिली. नर्सिंग चार्ट गायब होता, तो पुन्हा मागावा लागला. आणि खरी गोष्ट त्यातच निघाली.

आई चष्मा लावून जेवणाच्या टेबलाशी बसली आणि आम्ही पानं उलटायला लागलो. हिस्ट्री शीट मध्यरात्रीनंतरची. ‘इन्फॉर्मंट’, म्हणजे माहिती देणारा, या रकान्यात लिहिलं होतं ‘नेबर’. त्या रात्री मी पुण्यात होते, शेजारच्या काकांनी आईला रिक्षात घालून नेलं होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, “मी म्हटलं, बरीच वर्षं असेल साखर, त्या गोड खात नाहीत ना.” रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ‘बरीच’ची दहा करून टाकली. आई शेजारच्याच कॉटवर होती. पोट दुखत होतं, पण बोलता येत होतं.

“मला कुणी विचारलंच नाही गं,” ती म्हणाली. “मी तिथेच होते की.”

त्याच पानावर खाली, अ‍ॅलर्जीच्या रकान्यात ‘नाही’. आईला सल्फा गटातली औषधं चालत नाहीत. पूर्वी लघवीच्या इन्फेक्शनसाठी गोळ्या दिल्या होत्या तेव्हा तोंडात फोड आणि अंगभर पुरळ आलं होतं. नर्सिंग चार्टमध्ये मात्र लाल शाईने, मोठ्या अक्षरात, ‘सल्फा’. सिस्टरना आईने सांगितलं होतं आणि त्यांनी लिहिलंही होतं. एकाच फाइलमध्ये दोन कागद दोन गोष्टी सांगत होते, आणि डिस्चार्ज कार्ड टाइप करताना डॉक्टरांचा कागद उतरवला गेला. दहा वर्षांच्या चुकीवर विमा कंपनीने बोट ठेवलं, कारण त्यात तिचे पैसे होते. अ‍ॅलर्जीच्या चुकीवर बोट ठेवणारं कुणीच नव्हतं.

दुरुस्तीसाठी सर्जनकडे गेलो. ते म्हणाले, “रेकॉर्डमध्ये खाडाखोड करता येत नाही.” बरोबरच आहे, करूही नये, उद्या हॉस्पिटलनेच खाडाखोड केली तर आपल्यालाच जड जाईल. मूळ नोंद तशीच ठेवून, तारीख आणि सहीनिशी दुरुस्तीची वेगळी नोंद जोडायची असते. आम्ही तीच मागितली, सोबत पुरावा: फॅमिली डॉक्टरांकडचा पहिला केस पेपर, साखर निघाली तेव्हाचा एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट, आणि त्याआधीच्या वर्षांचे नॉर्मल रिपोर्ट. आईने ते सगळे एका बिस्किटाच्या डब्यात जपले होते. बोलणं मी सुरू केलं होतं, तिने मला हातानेच थांबवलं आणि तारखा स्वतः सांगितल्या. त्यानंतर सर्जन तिच्याकडे बघून बोलायला लागले. मधुमेहाच्या कालावधीबद्दल त्यांनी लेटरहेडवर खुलासा दिला, आणि अ‍ॅलर्जी घालून नवं डिस्चार्ज कार्डही.

खुलासा आणि रिपोर्ट जोडून विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवले. क्लेम मंजूर झाला, ग्लव्हज वगैरेची नेहमीची कापाकापी करून. नसता झाला तर विमा लोकपालांकडे जाणार होतो. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. पॉलिसीला सलग ६० महिने झाले असते तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला आजार लपवल्याचा मुद्दा काढताच आला नसता. आमचे तेवढे भरले नव्हते.

एक काम अडकलेलंच आहे. भरती करताना आईचा चौदा आकडी आभा नंबर, म्हणजे आरोग्याच्या नोंदी डिजिटल स्वरूपात जोडणारा सरकारी नंबर, घेतला होता. कागदावरची अ‍ॅलर्जी दुरुस्त झाली, पण हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. परवा ओपीडीच्या चिठ्ठीवर पुन्हा ‘अ‍ॅलर्जी: नाही’ छापून आलं. चुकीचा कागद निदान एका कपाटात पडून राहतो, ही नोंद जाईल तिथे सोबत जाणार. आईने दुसरा अर्ज दिला आहे, आवक शिक्क्यासह. उत्तर आलं नाही तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जायचं. नर्सिंग होमच्या २०२१ च्या नियमांत रुग्ण हक्कांची सनद आणि तक्रार निवारणाची सोय आहे. तो अर्ज आईच लिहिते आहे.