पान उलटायचं राहिलं

सकाळी दहाला आजी चावडीवर, माझ्या तलाठी कार्यालयात आल्या. हातात नुसता सातबारा. “भाऊसाहेब, बापाच्या रानात माझंच नाव कसं नाही?”

हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. वारस नोंदीत मुलींना वगळायची रीतच होती. फार झालं तर भावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि बहिणी सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात. म्हणून आधी नाव कुठं गळलं ते शोधायचं. सातबारावर नावाशेजारी फेरफार क्रमांक, म्हणजे नाव ज्या बदल-नोंदीनं लागलं तिचा नंबर असतो, तो धरून मागं जायचं. वडील 1979 साली वारले. फेरफारात आई आणि दोन मुलगे, खाली सर्कलची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी.

बहुतेक जण इथंच थांबतात आणि प्रांत अधिकाऱ्यांकडे अपील करा म्हणून सांगतात. अपिलाची मुदत 60 दिवस. चाळीसेक वर्षांचा विलंब माफ करून घेण्यात म्हातारीचं उरलंसुरलं आयुष्य जायचं. पण वारस आधी गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत लागतात, तिथून फेरफारात म्हणजे नमुना 6 मध्ये उतरतात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये 6-क चा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं जुनं दप्तर, सोडला. कडा कसरीनं खाल्लेल्या. पानाच्या तळाशी आई, दोन मुलगे. पान उलटलं, तर पहिल्याच ओळीत त्याच शाईत, त्याच वळणदार अक्षरात चौथं नाव, मुलीचं. फेरफार उतरवताना कुणी पान उलटलंच नव्हतं. चौथं नाव लिहिणाऱ्या तलाठ्याची सही आज लागतही नाही, पण त्याच्या एका ओळीनं अपील टळलं.

कारण ही लेखनातली चूक. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदार ती दुरुस्त करू शकतात. या कलमाचा गैरवापरही होतो, म्हणून 6-क ची नक्कल जोडल्याशिवाय अहवाल पाठवू नये. नोटीस सगळ्या खातेदारांना. थोरला भाऊ वारलाय, तर त्याच्या वारसांनाही. एक जरी सुटला तरी आदेश पुढं टिकत नाही. आदेश आला की नवा फेरफार धरायचा, मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला की नाव चढतं.

“मग माझा वाटा किती?” आजी.

ते सातबारा सांगत नाही. वाद झाला तर दिवाणी कोर्ट.

अहवालात दोन्ही नावं घातली, 6-क मधलं माहेरचं आणि आधारवरचं सासरचं. दोन्ही एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र आजींना आणायला सांगितलं. सुनावणीत पहिली हरकत तिथंच निघते.