रेड ब्लेंडला कमी लेखू नका

"मिक्स नको, प्युअर दाखवा." वाइनच्या दुकानात हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की शेवटी त्यावर लिहायलाच बसले. प्युअर म्हणजे एकाच जातीच्या द्राक्षाची, आणि मिक्स म्हणजे टाक्यांमध्ये जे उरलंसुरलं ते एकत्र करून खपवलेलं, असा सरसकट समज आहे. दारूतली भेसळ हा आपल्याकडे खरोखरच भीतीचा विषय आहे त्यामुळे हा समज कुठून येतो ते कळतं, पण फ्रान्सच्या शातो मार्गो, शातो लातूर ही जगात सगळ्यात मान असलेली रेड वाइनची नावं ब्लेंडचीच, म्हणजे वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाइन मिसळून केलेली आहेत. आणि ज्याला आपण प्युअर म्हणतो त्याचंही ऐका, युरोपात लेबलवर एकाच द्राक्षाचं नाव लावायला त्याचं प्रमाण ८५ टक्के पुरतं, अमेरिकेत तर ७५ टक्के.

मुळात ब्लेंड चवीसाठी सुरू झाला असं वाटतं ना, पण फ्रान्सच्या बोर्दो या वाइनच्या भागात बघितलं तर त्याच्या मुळाशी हवामान आहे. अटलांटिक समुद्र जवळ, पाऊस कधी येईल सांगता येत नाही. तिथल्या मर्लो या लाल द्राक्षाचे डोळे (कोंब) लवकर फुटतात आणि ते पिकतंही लवकर, त्यामुळे वसंतात उशिरा हिमदव पडला की पहिला फटका मर्लोला, आणि फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला की मणीच धरत नाहीत. तिथलं दुसरं लाल द्राक्ष कॅबर्ने सोव्हिन्यों (पुढे नुसतं कॅबर्ने) उशिरा फुटतं, उशिरा पिकतं, म्हणजे ते वसंतातून वाचतं पण ऑक्टोबरच्या पावसात सापडू शकतं. मग शेतकरी काय करणार, दोन्ही लावणार. एक गेलं तर दुसरं हाताशी. फेब्रुवारी १९५६ च्या थंडीत तर तिथल्या वेलीच्या वेली मेल्या, अशा गावाला एकाच जातीवर विसंबायला कोण सांगेल?

जमीनही यात बोलते. बोर्दोत नदीच्या डाव्या काठाला खडीची, लवकर तापणारी जमीन, तिथे कॅबर्ने जास्त. उजव्या काठाला चिकणमाती जास्त, गार, तिथे मर्लो. आणि मग चवीचा हिशोब येतो. कॅबर्नेचे मणी छोटे, साल जाड, म्हणून रंग गडद आणि तुरटपणा जोरदार, पण एकटं असलं की बऱ्याचदा पहिला घोट भारी लागतो, शेवटी तुरटपणा रेंगाळतो आणि मधे काहीतरी रिकामं वाटतं. मर्लो ती मधली जागा भरतं, मऊ, गरगरीत. कॅबर्ने फ्रां हे वेगळं द्राक्ष, ते सुगंध देतं. पेती व्हर्दो हे द्राक्ष इतकं उशिरा पिकतं की पूर्वी बऱ्याच वर्षी ते नीट पिकायचंच नाही, पण पिकलं तर दोन-चार टक्क्यांत अख्ख्या टाकीचा रंग बदलतं.

मला सगळ्यात आवडतो तो ब्लेंड ठरवायचा भाग. सुगीनंतरच्या हिवाळ्यात (काही ठिकाणी बॅरलमध्ये मुरल्यानंतर) माणसं टेबलाला बसतात, समोर मळ्याच्या प्रत्येक तुकड्याची वेगळी ठेवलेली वाइन, मोजायचा काचेचा सिलिंडर, आणि नुसतं चाखायचं, थुंकायचं, लिहायचं. गंमत अशी की इथे बेरीज चालत नाही, एकटी चाखताना सुंदर लागलेली मर्लो ब्लेंडमध्ये घातली की सगळं सपाट करून टाकते आणि जिच्याकडे कोणी बघत नव्हतं अशी कडक, आंबट टाकी पाच टक्क्यांत जान आणते. जे बसत नाही ते दुसऱ्या, स्वस्त लेबलखाली जातं. म्हणजे आपण जिला उरलंसुरलं म्हणतो ती मुख्य बाटली खरं तर बाजूला काढून काढून झालेली असते, आणि प्रत्येक "नको" मागे मालकाचे पैसे गेलेले असतात.

इटलीत टस्कनीची गोष्ट अजून वेगळी. तिथे बॅरन रिकासोलीने १८७२ मध्ये कियांती या तिथल्या रेड वाइनचं सूत्र लिहून ठेवलं, मुख्य द्राक्ष संजोवेसे, मऊपणाला कानायोलो, आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडं मालवाझिया, जे पांढरं द्राक्ष. पुढे १९६७ च्या नियमांत पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचंच झालं, आणि वाइन पातळ व्हायला लागली. वाइन बनवणाऱ्या अंतिनोरी घराण्याने १९७१ ची आपली तिन्यानेल्लो ही वाइन 'कियांती' हे नाव सोडून साधी टेबल वाइन म्हणून विकली, मग पांढरी द्राक्षं काढली, कॅबर्ने घातलं, आणि तीच बाटली नियमातल्या वाइनपेक्षा मानाची ठरली. नियम नंतर बदलले. बोर्दोनेही २०२१ मध्ये तापमान वाढतंय म्हणून पोर्तुगालच्या तोरिगा नासिओनालसारख्या नव्या जातींना परवानगी दिली, ब्लेंडमध्ये जास्तीत जास्त १० टक्के.

आता आपल्याकडे या. नाशिकला ऑक्टोबर छाटणी होते, काढणी साधारण जानेवारी ते मार्च, अवकाळी सोडला तर कोरडी हवा. म्हणजे बोर्दोचं विम्याचं कारण इथे तसंच्या तसं लागू नाही. आपली अडचण ऊन. काढणीच्या दिवसांत ऊन वाढत जातं, साखर भराभर चढते, अ‍ॅसिड उतरतं, आणि वाइन जड, थकलेली लागते. त्यामुळे इथे ब्लेंडने ताजेपणा आणला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. म्हणून मला अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सेत्ते ही वाइन महत्त्वाची वाटते, संजोवेसे आणि कॅबर्ने, टस्कनीच्याच पिएरो मासी या वाइनमेकरनी बसवलेली. संजोवेसे अ‍ॅसिड धरून ठेवतं, सोलापूरच्या उन्हात ते द्राक्ष लावणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. कॅबर्ने-शिराज ही जोडी आपल्याकडे जास्त दिसते, ती ऑस्ट्रेलियात रुजलेली, ग्रोव्हर वायनरीची ला रेझर्व्ह त्यातलीच. ती मला आवडते, पण दोन्ही दणकट गडी आहेत, उन्हाळी वर्षात दोघं मिळून फार जड होऊ शकतात.

घरी करून बघायचं असेल तर एक शिराज, एक कॅबर्ने आणा, मेडिकलमधून बिनसुईची मोठी सिरिंज घ्या आणि ९०-१०, ८०-२०, ७०-३०, ५०-५० असे ग्लास भरा. प्रमाणाच्या चिठ्ठ्या ग्लासाखाली दुसऱ्या कोणाला तरी लावायला सांगा, नाहीतर मन आधीच ठरवून मोकळं होतं. दहा मिनिटं थांबून मगच वास घ्या. मला ५०-५० जवळजवळ नेहमीच गोंधळलेलं लागतं, ८०-२० च्या आसपास कुठेतरी एकाचं बोलणं नीट ऐकू येतं.

आणि आपल्या वायनरींना एक मनापासून विनंती, मागच्या लेबलवर टक्के छापा. कुठलं द्राक्ष किती, कुठल्या तालुक्यातलं, कुठल्या वर्षीचं. ब्लेंड बनवायला एवढे कष्ट घेताय तर घेणाऱ्याला ते वाचता आले पाहिजेत.