आजीची भुलाबाईची गाणी आणि पंधरा रुपयांची कोरी सीडी

भाद्रपद पौर्णिमेला आमच्याकडे विदर्भात मातीची भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. तो महिनाभर आजी रोज संध्याकाळी गाणी म्हणायची. काटोलच्या घरी मामाने ती टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली होती. तीन कॅसेट, दोन ६० मिनिटांच्या, एक ९० मिनिटांची. आजी गेली, मामाही गेला आणि कॅसेट आईच्या कपाटात राहिल्या. यंदा जुलैत मी ठरवलं, भुलाबाई बसायच्या आत ही गाणी आई, मावश्या, माम्या, आत्या आणि बहिणी अशा दहा घरांत पोचवायची.

भाचा म्हणाला, "मावशी, ग्रुपवर टाकून दे ना." टाकलीही. पण आई ७८ वर्षांची आहे, दिसतं कमी. नागपूरच्या महाल भागातल्या घरी तिच्या खाटेजवळ सीडी आणि कॅसेट दोन्ही लागणारा जुना टू-इन-वन आहे. कॅसेटचा पट्टा केव्हाच गेला, सीडी मात्र वाजते. झाकण उघडायचं, चकती ठेवायची, मोठं बटण दाबायचं, एवढं ती कोणाला हाक न मारता करते. आपल्या आईचा आवाज तिला हवा तेव्हा ऐकता यावा आणि त्यासाठी नातवाची वाट पाहावी लागू नये, म्हणून मला सीडीच करायची होती.

कॅसेट संगणकावर घेणं सोपं गेलं. शेजाऱ्यांचा चालू टेपरेकॉर्डर आणला, हेडफोनच्या भोकातून तार संगणकाला जोडली आणि 'ऑडॅसिटी' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलं. मधले रिकामे भाग आणि मामाने चुकून भरलेल्या रेडिओच्या बातम्या काढल्यावर १४० मिनिटं उरली.

खरी पायपीट कोऱ्या सीडीसाठी झाली.

आमच्या प्रतापनगरच्या स्टेशनरीवाल्याकडे पूर्वी काउंटरवरच सुट्या सीडी असायच्या. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं लटकतात. मग सुभाषनगरहून मेट्रो धरून सीताबर्डीला गेले. बर्डीवर संगणकाची चार-पाच दुकानं पालथी घातली. "ताई, सीडी आता कोण ठेवते?" हेच उत्तर. एका दुकानात पोराने वरच्या फळीवरून धुळीचा डबा काढला. कंपनीचं नाव नाही, वेष्टन फाटलेलं, भाव १० रुपयांना एक. शेजारच्या गल्लीत वेष्टनातली, नाव असलेली सुटी सीडी २५ रुपयांना होती. मी १० वाल्या दहा घेतल्या. शिवाय एक आरडब्ल्यू सीडी घेतली ६० रुपयांना. पुसून पुन्हा भरता येते, म्हणजे चुकलं तरी वाया जाणार नाही, असा हिशेब होता.

दोन्ही हिशेब चुकले. आधी आरडब्ल्यूचं सांगते. संगणकावर छान वाजली, आईच्या मशीनमध्ये पडद्यावर नुसतं 'नो डिस्क'. मला वाटलं मशीन बिघडलं. पण त्यातच बाजारची जुनी भजनांची सीडी लावली तर लगेच सुरू.

याचं उत्तर मला महालातल्याच एका वयस्क फोटोग्राफर काकांनी दिलं. पंधरा-वीस वर्षं त्यांनी लग्नांच्या डीव्हीडी करून दिल्या आहेत. "आता डीव्हीडी कोणी मागत नाही, सगळे पेनड्राइव्ह मागून राहिले," म्हणाले, आणि मग तासभर बसवून सगळं समजावलं. एकदाच भरता येणाऱ्या सीडी-आरमध्ये रंगाचा थर असतो. लेझरने तो जळतो आणि तशा खुणा उमटतात, पण त्यामागचा चकचकीत थर प्रकाश जवळजवळ छापील सीडीइतकाच परत फेकतो. आरडब्ल्यूमध्ये रंगाऐवजी धातूंचं मिश्रण असतं आणि ते प्रकाश फार कमी परतवतं, सीडी-आरच्या निम्म्याहूनही कमी. जुन्या प्लेअरच्या डोळ्याला तेवढा उजेड पुरत नाही, म्हणून त्याला आत चकती आहे हेच कळत नाही. बिघाड ना मशीनमध्ये ना चकतीत, जोडी चुकलेली.

"ताई, आधी मशीन पाहा, मग माल घ्या," काका म्हणाले. मी उलट करत होते.

आता १० रुपयांच्या त्या दहा सीडींचं. चार भरतानाच मध्ये अडकल्या. दोन संगणकावर वाजल्या पण आईच्या मशीनमध्ये तिसऱ्या-चौथ्या गाण्याला उड्या मारू लागल्या. उरल्या चार. म्हणजे शंभर रुपयांत चार चांगल्या, एक पडली २५ रुपयांना, वेष्टनातल्या सीडीच्याच भावात. आणि वर दोन दिवस गेले. काकांनी एक सीडी उजेडासमोर धरून दाखवली. छापाच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसत होती. सीडीत माहितीचा थर खालच्या प्लास्टिकमध्ये नसतो, वरच्या छापाच्या अगदी खाली असतो, त्यावर फक्त लाखेचा पातळ लेप. वर्षानुवर्षं दमट गोदामात पडलेला माल तिथूनच खराब होतो. आपण सगळे खालची चकचकीत बाजू जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव लिहितो. मीही लिहिलं होतं. काकांनी ते पाहून मान हलवली आणि मऊ टोकाचा सीडी मार्कर हातात दिला. कागदी लेबलही चिकटवू नका म्हणाले, एका बाजूला वजन आलं की चकती फिरताना डगमगते.

काकांच्या बोलण्यात जुन्या दिवसांचा विषय निघालाच. नोएडाची मोजर बेअर एकेकाळी अशा चकत्या बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत होती. महालात त्यांचे डबेच्या डबे यायचे. २०१८ मध्ये ती अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून बंद करण्याचा, आदेश झाला. आपल्याकडे माल आटण्याचं ते एक कारण, गिऱ्हाईकच कमी झालं हे दुसरं.

घरी येऊन मी दहाही घरी फोन केले. "तुमच्याकडे सीडी वाजते का" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, त्याचा उपयोग नाही. म्हणून प्रत्येकीला म्हटलं, मशीनच्या पुढच्या बाजूचा आणि मागच्या पट्टीचा फोटो पाठवा. फोटोंवरून चित्र स्पष्ट झालं. चार घरी आईसारखे जुने प्लेअर, त्यांवर एमपी३ची, म्हणजे आवाज दाबून छोट्या केलेल्या फाइलींची, खूणच नाही. तिघींच्या गाडीत सीडी, त्यातल्या एकीच्याच गाडीवर एमपी३ लिहिलेलं. वर्ध्याची मावशी, अमरावतीची आत्या आणि काटोलची मामी यांच्याकडे टीव्हीला जोडलेला डीव्हीडी प्लेअर.

इथे मोह होता एमपी३चा. १४० मिनिटांची सगळी गाणी एकाच सीडीत, तीही जागा उरून. ऑडिओ सीडीत आवाज दाबलेला नसतो, त्यामुळे ७०० एमबीच्या चकतीवर ८० मिनिटंच मावतात. म्हणजे प्रत्येक घरी दोन सीडी. पण ऑडिओ सीडी दहाही मशीनवर वाजणार होती, डीव्हीडी प्लेअरवरसुद्धा, आणि एमपी३ फक्त चार ठिकाणी. मग प्रश्नच उरला नाही. ७०-७० मिनिटांच्या दोन ऑडिओ सीडी, दहा घरं, वीस चकत्या.

दुकानात 'म्युझिक' असं छापलेल्या कोऱ्या सीडी थोड्या महाग दिसतात, त्या घेऊ नका. त्या संगणकाशिवाय चालणाऱ्या वेगळ्या सीडी रेकॉर्डरसाठी असतात. संगणकावर भरायचं तर साधी सीडी-आर तेवढंच काम करते.

सुट्या वीस २५ रुपयांनी घेतल्या तर ५००, आणि बिघडल्या तर पुन्हा बर्डीची फेरी. ऑनलाइन नावाजलेल्या कंपनीचा पन्नासचा डबा, उभ्या दांड्यावर ओवलेल्या चकत्यांचा, मला पोचता ७५० ला मिळाला. एक पडली पंधराला. सुट्या कागदी पाकिटांचे ६० रुपये वेगळे. उरलेल्या चकत्यांचं काय करायचं हा विचार मनात होता, पण आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाच्या काकूंनी ऐकताच दहा मागून घेतल्या, त्याच भावाने. दोघी-तिघींनी मिळून डबा घेतला तर हाच मार्ग सर्वांत स्वस्त.

भरताना दोन गोष्टींनी मला रडवलं. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, म्हणून यूएसबीचा बाहेरचा रायटर मागून आणला होता. तो मी माउस, कीबोर्ड लावलेल्या हबला, म्हणजे एका भोकाची चार करणाऱ्या डबीला, जोडला आणि नव्या डब्यातल्या पहिल्या दोन सीडी मध्येच बंद पडल्या. चकत्यांना दोष देणार होते, तेवढ्यात काकांनी फोनवर सांगितलं, रायटर सरळ लॅपटॉपच्या भोकात लावा, हबमधून त्याला वीज पुरत नाही. त्यानंतर एकही बंद पडली नाही. दुसरं, वेग. डब्यावर ५२एक्स, म्हणजे वाजण्याच्या ५२ पट, लिहिलं आहे म्हणून तो वेग द्यायचा नाही. फार हळूही नको, हल्लीच्या चकत्या त्या वेगासाठी बनलेल्या नसतात. मी १६एक्स ठेवला. एका बैठकीत अखंड भरायची, सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्क-ॲट-वन्स' असं असतं, आणि शेवटी फायनलाइझ, म्हणजे कायमची बंद, करायची. चकती उघडी राहिली तर संगणक वाचतो, जुना प्लेअर नाही.

मग डीव्हीडी. भाच्याने आईचा एक व्हिडिओ काढला होता. ती मातीची भुलाबाई घडवते आहे, शेजारी भुलाबाईचा नवरा भुलोजी, आणि हात चालू असताना गाणं म्हणते आहे. तो तीन डीव्हीडीवाल्या घरी द्यायचा होता. दुकानात उणे आणि अधिक अशा दोन जाती होत्या. डीव्हीडी-आर ही उणे जात आधीची, पायोनियरने १९९७ मध्ये आणलेली, आणि डीव्हीडी+आर नंतरची, २००२ ची, फिलिप्स-सोनी वगैरेंच्या गटाची. दोन्हींत ४.७ जीबीच मावतं, संगणक ते ४.३८ दाखवतो, घाबरू नका. जुने प्लेअर उणेवर जास्त भरवशाने चालतात. वर्ध्याच्या मावशीच्या प्लेअरच्या मागच्या पट्टीवरही फक्त डीव्हीडी-आर लिहिलेलं होतं. म्हणून सुट्या पाच डीव्हीडी-आर घेतल्या, ३० रुपयांची एक.

पहिली मी मोबाइलची फाइल तशीच उतरवून भरली. मावशीचा फोन आला, "काहीच दिसत नाही गं बाई." जुन्या प्लेअरला मोबाइलची एमपी४ फाइल कळत नाही, त्याला डीव्हीडी-व्हिडिओच्या रचनेतच हवं असतं. 'डीव्हीडीस्टायलर' फुकट मिळतं. त्यात 'पाल' (PAL, आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) निवडून डीव्हीडी बनवली, ४एक्स वेगाने भरली, आणि मावशीकडे पाठवण्याआधी शेजारच्या प्लेअरवर शेवटपर्यंत पाहिली. सुरुवातीची दोन मिनिटं पाहून भागत नाही, बिघाड बाहेरच्या कडेला, म्हणजे शेवटी सापडतो. सीडीचंही मी तसंच केलं. वीसच्या वीस सीडी आईकडे ऐकल्या, चार दिवस लागले. आजीच्या आवाजाला मध्येच खंड पडलेला मला एकाही घरी चालणार नव्हता.

पाकिटांवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, गाडीत उन्हात ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, काच लावलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त, आणि चकतीतल्या रंगाला ऊन आणि उकाडा दोन्ही सोसत नाहीत. मूळ आवाजाच्या फाइली मात्र हार्डडिस्कवर दोन ठिकाणी ठेवल्या आहेत.

सीडी तपासताना रोज आई शेजारी बसायची. पहिल्या दिवशी आजीचा आवाज सुरू झाला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त मशीनचं झाकण हाताने दाबून धरलं, जणू ते उघडेल. दुसऱ्या दिवशी ती सोबत म्हणू लागली. चौथ्या दिवशी, शेवटची चकती काढून पाकिटात घालत होते तेव्हा म्हणाली, "खिरापत ओळखायचं गाणं तू मधात का टाकलं? ते शेवटी असते. आधी सगळी गाणी, मग खिरापत."

पहिल्या सीडीत सातव्या क्रमांकावर होतं ते. मामाने ज्या क्रमाने भरलं त्याच क्रमाने मी घेतलं होतं. डब्यात अठरा चकत्या उरल्या होत्या. त्या गाण्याला पहिल्या सीडीतून काढून दुसरीच्या शेवटी नेलं, पहिल्यांदा आईची जोडी भरली, मग बाकीच्यांची. शेवटच्या घराला एक जोडी कमी पडली, तेव्हा काकूंकडून दोन चकत्या परत मागून आणल्या.

भाद्रपद पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सगळी पाकिटं पोचली.