भिजलेली शेवंती

नवरात्र संपता संपता परतीचा पाऊस आला की आम्हा फुलांची सजावट करणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. झेंडू भिजला तरी कसाबसा निभावतो. शेवंतीच्या दाट पाकळ्यांच्या बुडाशी मात्र पाणी अडकतं आणि फूल आतून सडू लागतं. वरून ते टवटवीतच दिसतं. त्या खंडेनवमीला नेमकं हेच झालं. रात्रभर पाऊस कोसळलेला, आणि दसऱ्याच्या पहाटेच्या आरतीआधी पुण्यातल्या पेठेतल्या एका देवीचा गाभारा मला सजवून द्यायचा होता. गुरवकाकांनी बजावलं होतं, गाभाऱ्यात शेवंतीच हवी, आणि भरगच्च हवी.

उजाडायच्या आत गुलटेकडीच्या फूलबाजारात पोचलो. यवत, सासवडकडच्या गाड्या खाली होत होत्या. पहिल्याच गाळ्यावर पांढऱ्या शेवंतीची बारदानं उघडून ठेवलेली, वरची फुलं देखणी. मी कोपरापर्यंत हात आत घातला, तर आत चांगलीच ऊब. ओलं फूल दाबून भरलं की तापतं, आणि तापलेलं फूल संध्याकाळपर्यंत तपकिरी पडतं. गाळेवाला म्हणाला, "अहो, पाण्यानं माल ताजा राहतो." पाण्यानं वजन वाढतं, एवढं मला माहीत आहे. पुढे निघालो.

शेवंती तोंडाकडून बघून घेऊ नये. फूल पालथं करायचं. मागची हिरवी वाटी घट्ट हवी, खालच्या ओळीतल्या पाकळ्यांवर डाग नको. मग चिमटीत हलकं दाबायचं. ताजं फूल लगेच पुन्हा फुलून येतं, शिळ्याच्या पाकळ्या हातात येतात. मधला भाग अजून जरा मिटलेला असेल तर ते फूल दुसऱ्या दिवशीही उभं राहतं.

बाजाराच्या टोकाला एक म्हातारे शेतकरी पौर्णिमा जातीच्या पांढऱ्या शेवंतीचे क्रेट घेऊन बसले होते. आदल्या दुपारी आभाळ भरून आलेलं बघून त्यांनी घाईनं तोडणी उरकलेली. फूल कोरडं, कडक. भाव जास्त सांगितला, मी घासाघीस केली नाही. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. पॉलिहाऊसवाले काळं कापड ओढून दिवस छोटा करतात आणि बारमाही फूल काढतात. उघड्या रानात उन्हाळ्यात लावलेलं रोप रात्र वाढायची वाट बघत उभं असतं. एवढे महिने सांभाळलेल्या पिकाची ती तोडणी होती, आणि ऐन वेळी तोडायचं शहाणपण त्या बाबांनी दाखवलं होतं.

तरी माल पुरेना. म्हणून ऐश्वर्या जातीची पिवळी शेवंती ओलीच घ्यावी लागली, पण न तापलेली. देवळात आल्यावर सभामंडपात धोतरं अंथरली आणि फुलं एका थरात पालथी पसरली. पंखा लावला. उन्हात मुळीच नाही, पाकळी लगेच मलूल होते. आमच्या हार ओवणाऱ्या मावशी दर थोड्या वेळानं फुलं झटकत होत्या. त्यातली डागी निघाली ती त्यांनी बाजूला काढली आणि पाकळ्या मोकळ्या करून उंबऱ्याबाहेरच्या रांगोळीसाठी ठेवल्या.

मग काकांशी बोललो. "काका, सगळी भिंत फुलांनी भरून टाकत नाही मी. ओली फुलं एकमेकांवर रचली तर सकाळी वास मारेल." काका नाराज झाले, पण त्यांनी पालथं फूल हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "तू म्हणतोस तसं कर." मखराच्या कमानीला पिवळ्याची एकेरी ओळ, मध्ये कामिनीची पानं. देवीच्या लाल शालूभोवती फक्त पांढरी. लाल शालूशेजारी पांढऱ्या शेवंतीइतकं काहीच उठून दिसत नाही, असं मी ठामपणे म्हणेन. बाहेरच्या तोरणाला झेंडू आणि आंब्याचे डहाळे. समयांच्या बाजूला वीतभर जागा मोकळी सोडली, कारण आचेनं पांढरं फूल आधी पिवळं पडतं.

दसऱ्याला दिवसभर सोनं लुटायला आलेल्यांची रांग होती. दुपारी समईकडची काही फुलं कोमेजली. टोपलीत ओल्या फडक्याखाली राखून ठेवलेली पौर्णिमा तिथं लावली. संध्याकाळच्या आरतीपर्यंत कमान तशीच होती. टोपलीत उरलेल्या फुलांच्या मावशींनी वेण्या केल्या, आणि ओटी भरायला आलेल्या बायकांनी त्या मागून घेतल्या.